रिपोर्ट हातात येईपर्यंत

(पत्र थोडं आटोपतं करून देत आहे.)

ताई, मी देवगड तालुक्यातली. वय ४६. आमची हापूसची बाग आहे. गेल्या महिन्यात आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली. कणकवलीला सोनोग्राफी केली, तिथून कोल्हापूरला पाठवलं. तिथे सुईने तुकडा काढून तपासायला दिला. 'आठ-दहा दिवसांत रिपोर्ट मोबाईलवर पाठवू,' म्हणाले. आज आठवा दिवस. सोनोग्राफीच्या कागदावर 'बायरॅड्स ४ ए' लिहिलंय आणि पुढे 'संशयास्पद'. ते मोबाईलवर शोधलं आणि झोपच गेली. रात्री तीनला जाग येते, हात गाठीवर जातो. मोबाईल वाजला की पोटात गोळा येतो. बागेत काढणी चालू आहे, पण पेटी भरायला बसले की हात थांबतो. आमचे हे म्हणतात, 'काय होऊचा नाय, उगाच इचार करू नको,' आणि बागेत निघून जातात. मोठ्या जाऊबाई म्हणतात, गाठीला सुई लावायलाच नको होती, आता निदान देवाला कौल तरी लाव. मुलगी मुंबईत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, परीक्षा तोंडावर आली आहे, तिला काही सांगितलेलं नाही. हे दिवस काढायचे कसे? आणि रिपोर्टला वेळ लागतोय म्हणजे काही वाईट निघालंय का? मी घाबरट नाही हो, पण कशातच मन लागत नाही.

— एक वाचक, देवगड तालुका

ताई, नमस्कार.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. रात्री तीनला तुम्हाला उठवून बसवतो तो तोच. नाही, रिपोर्टला वेळ लागतोय यावरून रिपोर्ट वाईट आहे असं ठरत नाही. सातबाऱ्याच्या नोंदीपासून कोर्टाच्या तारखेपर्यंत आपला अनुभव असा की काम अडलं म्हणजे कुठेतरी काहीतरी बिनसलं. म्हणून मन तिकडे धावतं. पण लॅबमध्ये तुमच्या तुकड्याचं काय चाललंय ते एकदा समजून घ्या.

सुईने काढलेला तुकडा जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांब आणि अगदी बारीक असतो. असे काही तुकडे काढतात आणि काढल्या काढल्या ते फॉर्मालिनच्या, म्हणजे तुकडा कुजू न देणाऱ्या रसायनाच्या, बाटलीत जातात. स्तनाचा तुकडा त्यात निदान सहा तास तरी ठेवावाच लागतो, नाहीतर पुढच्या तपासण्या बिघडतात. मग तो अल्कोहोलच्या एकामागून एक भांड्यांतून फिरतो, म्हणजे त्यातलं पाणी निघून जातं. त्यानंतर झायलिन, त्यानंतर वितळलेलं मेण. हे काम बहुधा रात्रभर मशीनवर चालतं. सकाळी मेणाचा ठोकळा तयार होतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तंत्रज्ञ तो मायक्रोटोमवर लावतो आणि तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो पापुद्रा कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुती पडू न देता काचेवर अलगद उचलून घ्यायचा, वाळवायचा, मग दोन रंग चढवायचे. एका रंगाने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, दुसऱ्याने बाकीचं गुलाबी. एवढं सगळं झाल्यावर ती काच पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाते.

यात घाई करता येत नाही. मध्ये रविवार आला, सुट्टी आली, तर काम तेवढं पुढे जातं. लॅब लहान असेल तर बाटली आधी मोठ्या शहरात जाते. कधी पहिल्या काचेवर नीट दिसत नाही म्हणून ब्लॉकमधून आणखी खोलवरचे काप घेतात. कधी पॅथॉलॉजिस्ट दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला काच दाखवतात. असं करणारा पॅथॉलॉजिस्ट चांगला समजावा. कधी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाचे वेगळे रंग मागवतात आणि त्यात आणखी चार-सहा दिवस जातात. हे नाव ऐकलं की लोक हातपाय गाळतात. पण गाठ साधी आहे याची खात्री करून घ्यायलाही हीच तपासणी मागवतात. 'अजून एक टेस्ट लावली आहे' एवढ्यावरून काहीही ठरत नाही. 'रिपोर्ट फोनवर सांगत नाही, येऊन भेटा' यावरूनही नाही. बरेच डॉक्टर बायोप्सीच्या प्रत्येक पेशंटला हेच सांगतात.

आता ते 'बायरॅड्स ४ ए'. ही अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संस्थेने ठरवलेली श्रेणी आहे, आपल्याकडेही सगळीकडे तीच वापरतात. चौथ्या श्रेणीचं नावच 'संशयास्पद' असं आहे, त्यामुळे कागदावर तो शब्द छापून येतोच. पण या श्रेणीत ए, बी, सी असे तीन भाग आहेत आणि ए म्हणजे सर्वांत कमी शंका. अशा गाठींत कॅन्सर निघण्याची शक्यता साधारण २ ते १० टक्के धरतात. म्हणजे अशा शंभर जणींतल्या नव्वद किंवा त्याहून जास्त जणींची गाठ साधी निघते. तुम्ही मोबाईलवर जे वाचलंत त्यात चौथी श्रेणी सरसकट घेतली असणार, आणि ती सरसकट घेतली तर आकडा २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत जातो. डोळे कुठे अडकले असतील ते मी समजू शकते.

तरीही हा आकडा वाचून तुमची भीती जाईल असं मला वाटत नाही. शंभरातल्या दहामध्ये मी नसेन कशावरून, असं मन लगेच विचारतं, आणि त्याला उत्तर नाही. आकडा कशासाठी उपयोगी, तर रात्री मन 'कॅन्सर आहेच' असं ठरवून मोकळं होतं तेव्हा त्याला 'अजून ठरलेलं नाही' एवढं सांगायला.

तुम्ही लिहिलंय, 'मी घाबरट नाही हो.' ते मला पटतं. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. संगणकाच्या पडद्यावर दगड दिसायचे, खाली साप आहे की नाही ते ओळखायचं, आणि साप निघाला तर हाताला हलका विजेचा झटका. लोकांचा ताण सर्वांत जास्त केव्हा होता? झटका बसणारच हे पक्कं माहीत असताना नाही, तर बसेल की नाही हे अर्धं-अर्धं असताना. वाईट बातमी ऐकून खंबीर उभी राहिलेली बाई वाट बघताना मोडून पडते, असं गावोगाव दिसतं ते यामुळेच. तुम्ही वादळात घर सांभाळलं असेल, मोहोर गळालेली वर्षं काढली असतील. तो धीर इथे कामाला येत नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. न कळण्याचा त्रास वेगळा असतो.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट. 'पॉझिटिव्ह राहा' हा सल्ला तुम्हाला आतापर्यंत दहा जणांनी दिला असेल. मला तो आवडत नाही. कॅलिफोर्नियातल्या केट स्वीनी या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट बघणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. निकाल चांगलाच लागणार असं मनाला पटवण्याचे, विषय झटकून टाकण्याचे जे खटाटोप मुलांनी केले, त्यांनी काळजी फारशी कमी झाली नाही. उलट जी मुलं काळजीत होती, ती वाईट निकाल लागल्यावर जास्त चांगली सावरली आणि चांगला लागल्यावर जास्त आनंदली. तेव्हा तुम्ही घाबरल्यात म्हणून रिपोर्ट बिघडत नाही, आणि हसतमुख राहिलात म्हणून सुधारतही नाही. तुकडा आठ दिवसांपूर्वीच बाटलीत गेला आहे. त्यात जे आहे ते आहे.

मग तुमच्या हातात काय उरतं? माझ्या मते एक गोष्ट पूर्ण तुमच्या हातात आहे आणि नेमकी तीच तुम्ही मोबाईलवर सोडून दिली आहे. रिपोर्ट तुमच्यापर्यंत कसा यायचा, ही.

आत्ता काय होणार आहे बघा. संध्याकाळी साडेसात वाजता, तुम्ही चुलीपाशी किंवा पेट्यांच्या ढिगाऱ्यात असताना, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येणार. रेंज असेल तर उघडणार, नसेल तर तुम्ही मोबाईल घेऊन रेंज येते त्या कोपऱ्यात अंधारात जाऊन उभ्या राहणार. आत दोन पानं इंग्रजी. डॉक्टर तोवर घरी गेलेले. आणि या रिपोर्टांची भाषा अशी असते की साध्या बातमीनेही माणूस गारठतो. 'नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी' म्हणजे कॅन्सरचा पुरावा दिसला नाही. पण घाबरलेल्या डोळ्यांना त्या ओळीतला शेवटचा शब्दच दिसतो. 'फायब्रोअडिनोमा' ही साधी गाठ, पण शेवटी 'ओमा' आलं की झालं, मोबाईलवर पुन्हा शोधाशोध. 'निगेटिव्ह' वाचून रडलेली माणसं आहेत. शिवाय हो आणि नाही यांच्या मधलं तिसरं उत्तरही असतं, ते कुणी आधी सांगत नाही: 'पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, गाठ पूर्ण काढून तपासावी' किंवा 'नमुना पुरेसा नाही, पुन्हा घ्यावा'. हे एकट्याने, अंधारात, मोबाईलच्या उजेडात वाचायचं नसतं.

म्हणून उद्या सकाळी अकराच्या सुमारास लॅबला फोन लावा, किंवा यजमानांना लावायला सांगा. लॅबचा नंबर पैशांच्या पावतीवर असतो. विचारायचं ते असं: रिपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत, आणखी काही तपासणी लावली आहे का, रिपोर्ट माझ्या मोबाईलवर न पाठवता डॉक्टरांकडे पाठवता येईल का. मग डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या. डॉक्टरांना विचारा की रिपोर्ट सोनोग्राफीशी आणि त्यांनी स्वतः हाताने तपासलेल्याशी ताडून सांगाल ना. या तीन गोष्टी जुळल्या तरच उत्तर पक्कं धरतात. त्यामुळे नुसता कागद वाचून तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीच्या कंपाउंडरला ते कळण्यासारखं नाही. लॅबवाले म्हणाले की मोबाईलवरच येईल, तर यजमानांचा नंबर द्या, आणि डॉक्टरांसमोर बसल्याशिवाय फाईल उघडायची नाही असं दोघांनी मिळून ठरवा.

एवढं झालं की मोबाईलच्या प्रत्येक आवाजाला दचकायचं कारण उरत नाही. रिपोर्ट तिथून येणारच नाही. हे लिहायला सोपं आहे, पहिला दिवस अवघड जाईल. दुसऱ्या दिवशी फरक जाणवेल.

रात्रीचं बोलू. तीनला जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठा, माजघरात किंवा पडवीत बसा, घोटभर कोमट पाणी प्या. मोबाईल हातात घ्यायचा नाही, तो झोपायच्या खोलीत नकोच. श्वास नेहमीसारखा आत घ्या आणि सोडताना जितका लांबवता येईल तितका लांबवा, चार-पाच मिनिटं. लांबवून सोडलेल्या श्वासाने छातीतली धडधड हळूहळू उतरते. तीन वाजता मनात आलेला एकही विचार तिथल्या तिथे सोडवायचा नाही. त्याला दुसऱ्या दिवशीची वेळ द्यायची. काळजी करायला रोज अर्ध्या तासाची ठरलेली वेळ द्यायची, ही पद्धत अमेरिकेतल्या थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये अभ्यासून मांडली आणि आजही समुपदेशक ती वापरतात. तुमच्यासाठी मी संध्याकाळचे साडेपाच म्हणेन. चहा झाला की वही घेऊन पडवीत बसा आणि मनातलं सगळं लिहून काढा, अगदी वाईटातलं वाईटसुद्धा. सहा वाजले की वही बंद. दिवसात इतर वेळी विचार आला की 'साडेपाचला' म्हणायचं. पहिल्यांदा तुम्हाला हसू येईल.

झोपायची वेळ जवळ आल्यावर हे लिहिणं करू नका. संध्याकाळीच.

आणि गाठ चाचपणं थांबवा. सुई टोचलेली जागा अजून भरते आहे. काळं-निळं पडणं, हात लावला की दुखणं काही दिवस चालतं. रोज दाबून बघितलं तर ती जागा आणखी हुळहुळी होते, हुळहुळी झाली की 'वाढली वाटतं' अशी नवी शंका येते आणि हात पुन्हा तिकडे जातो. सूज वाढत गेली, जागा लाल आणि गरम झाली, पू किंवा रक्त येऊ लागलं, ताप आला, तर मात्र रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाकी हात तिकडे गेला की उशी जवळ ओढून घ्या.

कामाबद्दल तुम्ही जे लिहिलंय, पेटी भरताना हात थांबतो, त्यावर माझं उलट म्हणणं आहे. पेटीच भरा. स्वीनी यांच्याच पुढच्या अभ्यासात असं दिसलं की वाट बघणाऱ्यांना आराम कशाने मिळाला, तर ज्या कामात माणूस हरवून जातो त्या कामाने. केर काढताना, भांडी घासताना मन मोकळं असतं, ते लगेच गाठीकडे जातं. आंब्याचं तसं नाही. फळ हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचा, देठाशी चीक सांडलाय का बघायचं, डाग बघायचा, हा चार डझनीत जाईल की पाच डझनीत ते ठरवायचं, पेंढ्यावर असं बसवायचं की वरच्या थराने खालचा दबणार नाही. यात डोळे, हात आणि डोकं तिन्ही लागतात. बागेत झेला (आंबे उतरवायचा बांबू) घेऊन जाणं सध्या टाळा, हात वर ताणला की जखमेच्या बाजूला ओढ बसते. बसून वर्गवारी करा, आणि सोबतीला कुणाला तरी घ्या. हात थांबला तर थांबू दे, पुढचं फळ उचला. एखादी पेटी चुकली तर चुकली.

जाऊबाईंचं. 'सुई लावायलाच नको होती' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं, आणि या एका वाक्याने कितीतरी बायका वर्षभर गाठ पदराआड ठेवून बसतात. सुईने तुकडा काढल्याने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. गाठ काय आहे ते कळल्याशिवाय शस्त्रक्रिया करायची की नाही, केली तर केवढी, हे ठरवता येत नाही, म्हणून आज सगळीकडे आधी सुईनेच तपासतात. तुम्ही महिन्याच्या आत सोनोग्राफी आणि बायोप्सी दोन्ही करून घेतलीत, घाट चढून कोल्हापूरला गेलात. योग्य केलंत. आठ-पंधरा दिवस रिपोर्टला लागल्याने उपचारांची वेळ टळत नाही. दुखत नाही म्हणून सहा-सहा महिने घरात बसल्याने टळते.

कौलाबद्दल, म्हणजे देवाला हो की नाही विचारण्याबद्दल, मला काय वाटतं ते स्पष्ट सांगते, जाऊबाईंना राग आला तर येऊ दे. देवळात जरूर जा. गाऱ्हाणं घाला. गुरव 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतील, मागून चार माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतील, त्या आवाजाने जो आधार वाटतो तो खरा आहे आणि तो तुम्हाला आत्ता हवाच आहे. पण रिपोर्टवर कौल लावू नका. उजवा पडला की डावा, यावर तुम्ही आणखी एका निकालाची वाट बघणार. डावा पडला तर पुढचे दिवस कसे जातील ते मला सांगायला नको. आणि उजवा पडला, तर घरातलंच कुणीतरी म्हणेल, 'आता कशाक जातंस कोल्हापुराक?' ते जास्त धोक्याचं. गाऱ्हाण्यात देवाकडे उत्तर मागायचं नसतं, पाठीशी उभं राहायला सांगायचं असतं. तेवढंच करा.

यजमानांवर रागावू नका असं मी म्हणणार नाही, राग येण्यासारखंच आहे ते. पण 'काय होऊचा नाय' म्हणून बागेत निघून जाणारा माणूस बेफिकीर असतो असं क्वचितच. बागेत त्यांना काय करायचं ते कळतं. घरात तुमच्यासमोर बसून काय बोलायचं ते कळत नाही. 'माझ्याशी बोला' म्हटलंत तर ते आणखी लांब जातील. त्यांना काम द्या. लॅबला फोन त्यांनी करायचा. गाडी त्यांनी ठरवायची. रिपोर्टच्या दिवशी काढणीला गडी लावून त्यांनी तुमच्याबरोबर यायचं, आणि डॉक्टर जे सांगतील ते वहीत लिहून घ्यायचं, कारण त्या वेळी तुमच्या कानात निम्मंसुद्धा शिरणार नाही. एवढं सांगा: 'मला समजूत नको, तुम्ही सोबत या.' पुरुषमाणसाला हे वाक्य पेलतं.

मुलीचा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, ओझरता लिहून पुढे गेलात. म्हणून मीच काढते. परीक्षा संपेपर्यंत लपवा, असं बहुतेक जण सांगतील. मला ते पटत नाही. शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी वीस-एकवीस वर्षांची असणार. ती रोज रात्री फोनवर तुमचा आवाज ऐकते. काहीतरी बिनसलंय हे तिला कळलेलं आहे, फक्त काय ते माहीत नाही, आणि न कळण्याचा त्रास काय असतो ते तुम्हीच सध्या भोगताय. शिवाय गावातली बातमी मुंबईला पोचायला वेळ लागत नाही. जाऊबाईंच्या घरातून एखाद्या चाकरमान्याच्या फोनवर, तिथून तिच्या आत्याकडे, आणि मग तिला ती भलत्याच शब्दांत कळणार. तिचा पेपर कधी आहे ते विचारा. पेपर उद्याच असेल तर तो होऊ दे. मग दिवसाउजेडी फोन करा आणि थोडक्यात सांगा: गाठ होती, तपासली, बहुतेक वेळा साधी असते, अमुक तारखेला डॉक्टरांकडे जाणार आहोत, बाबा बरोबर आहेत, त्याच संध्याकाळी तुला फोन करते, तू यायची गरज नाही. यातली तारीख महत्त्वाची. तिलाही वाट बघायची आहे, कधीपर्यंत ते कळलं की तिला पुस्तक उघडता येईल. ती रडली तर रडू दे. 'सांगितलं नसतं तर बरं झालं असतं' असं त्या क्षणी तुम्हाला वाटेल. ते वाटणं दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही.

बाकी गावात किती जणांना सांगायचं? घरातल्यांशिवाय फार तर एका मैत्रिणीला, जी ऐकून घेते आणि लगेच कुणाच्या तरी मावशीची गोष्ट सांगत नाही. विचारणाऱ्यांना 'तपासणी झाली, कळलं की सांगेन' हे एकच उत्तर, रोज तेच.

दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही, जेवण उतरत नाही, जीव नकोसा वाटतो, असं झालं तर १४४१६ या नंबरवर फोन करा. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कुणीतरी असतं, मराठीत बोलता येतं. रात्री तीनलासुद्धा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या दुसऱ्या कुणाच्या गोळ्या मागून घेऊ नका.

वाईटाचा विचार करायचाच नाही का? करा, पण तो आदल्या दिवसासाठी ठेवा. आदल्या संध्याकाळी दोघं बसा आणि रिपोर्ट वाईट आला तर पहिली पावलं कोणती एवढंच ठरवा. पहिल्या दिवसापासून ती तयारी करत बसलं तर माणूस निकालाआधीच थकून जातो. ठरवायचं फार नसतं. लवकर सापडलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर चांगले उपचार आहेत. चिपळूणजवळ डेरवणला सोय आहे, मुंबईत परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून हेच काम करतं आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका जागी काढून ठेवा. कुठेही जायचं ठरलं तरी कोल्हापूरच्या लॅबमधून ब्लॉक आणि काचा मागून घ्यायच्या, मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा तपासतात. आणि रिपोर्ट साधा आला, तरी डॉक्टरांना विचारा की पुन्हा कधी दाखवायचं, आणि ती तारीख तिथेच लिहून घ्या. साधा आला म्हणून फाईल माळ्यावर टाकणाऱ्या बायका मी फार पाहिल्या आहेत.

जायच्या दिवशी सकाळी पोटभर पेज खाऊन निघा, घाटात रिकाम्या पोटी मळमळतं. पिशवीत सोनोग्राफीचा कागद आणि फिल्म दोन्ही टाका. डॉक्टर आधी तेच मागतात, आणि नेमकं तेच घरी राहिलेलं असतं.